सहीच्या आधीची दहा मिनिटं

प्रिय मुली,

परवा बेलापूरच्या कोर्टातून परतताना तू लोकलमध्ये खिडकीची जागा धरलीस आणि नेरूळ गेलं, तुर्भे गेलं, कोपरखैरणे गेलं तरी बाहेरच बघत राहिलीस. ऐरोली आल्यावर एकदम म्हणालीस, "ताई, मग तीन महिने आपण केलं काय?"

मी उत्तर दिलं नाही. एक तर गर्दी, त्यात माझा गुडघा ठणकत होता, आणि ऐरोली ते ठाणे एवढ्या वेळात उत्तर देऊन संपेल असा तो प्रश्न नव्हता. म्हणून आज लिहायला बसले. मोबाइलवर एवढं लांबलचक मला टाइप करता येत नाही, तेव्हा हे वहीच्या कागदावरच. अक्षर लागलं नाही तर विचार.

नवऱ्याच्या जाचाची तक्रार घेऊन आपल्या केंद्रात आलेल्या त्या बाईने अर्ज मागे घेतला आणि नवऱ्याच्याच मागे स्कूटरवर बसून गेली. तुला राग आला. यायलाच हवा, पहिल्या पाच वर्षांत जिला राग येत नाही तिने दुसरं काम बघावं. पण जाता जाता तू तिला विचारलंस, "असं कसं केलंस तू?" तो सूर तिच्या ओळखीचा आहे. भाजी करपली, पोराला ताप आला, माहेरून फोन आला की तिच्या घरात तोच सूर लागतो. तुझं चुकलं ते एवढंच, आणि ते मला डब्यात चारचौघींसमोर बोलायचं नव्हतं.

आणखी एक. तू बाकावर डोकं धरून बसली होतीस तेव्हा मी तिच्या नवऱ्याच्या वकिलाशी हुज्जत घालत होते. कशावरून, ते शेवटी सांगते. त्याआधी ताईंबद्दल सांगायला हवं.

केंद्रातल्या कपाटावर ज्यांचा फोटो आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि काखेत छत्री, त्या ताई. नाव घेतलेलं त्यांना आवडत नसे. सत्काराला बोलावलं की नेमकं त्याच दिवशी कुणाचं तरी बाळंतपण निघायचं. म्हणून मीही इथे नाव घेत नाही.

सत्तरच्या दशकात ताई कोकणातून ठाण्याला आल्या, किसननगरला मावशीच्या खोलीत राहिल्या आणि वागळे इस्टेटमध्ये एका औषध कंपनीत पॅकिंगला लागल्या. एमआयडीसीची ती पहिली वसाहत. ताईंचं लग्न ठरलं तेव्हा त्या ऑफिसात पेढे द्यायला गेल्या. साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. राजीनामा. लग्न झालेली बाई रजा फार घेते, म्हणून त्या खात्यात कुमारिकाच ठेवायच्या, असा तिथला रिवाज. सही कुठे करायची ते पेन्सिलीने फुली मारून दाखवलेलं.

ताई म्हणाल्या, "घरी जाऊन वाचते."

"चार ओळी आहेत, त्यात वाचायचं काय?" असं साहेब म्हणाले, पण कागद त्यांनी नेलाच. चाळीत युनियनचं काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, अशाच अटीविरुद्ध मुंबईतल्या एका औषध कंपनीतल्या कामगारांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती आणि १९६५ सालीच ती अट न्यायालयाने रद्द ठरवली आहे. कायद्याने मोडलेली अट साहेबांच्या टेबलाच्या खणात मात्र शाबूत होती. दुसऱ्या दिवशी ताईंनी कागद सही न करता परत केला. नोकरी टिकली. लग्न टिकलं नाही, पण ते वेगळं प्रकरण, त्याबद्दल त्या फक्त पावसाळ्यात बोलायच्या.

ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून वीसेक वेळा ऐकली असेन. दर वेळी शेवटी म्हणायच्या, "मी हुशार होते अशातला भाग नाही गं. मला एक रात्र मिळाली, इतकंच."

आपल्याकडे येणाऱ्या बाईला ती एक रात्र मिळवून द्यायची. रात्र नाही तर निदान दहा मिनिटं. मोर्चे, पथनाट्य, ८ मार्चचे कार्यक्रम, सगळं करावं. मी स्वतः गडकरी रंगायतनसमोर घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आहेत. पण बाई हरते ती बहुतेक वेळा एखाद्या टेबलापाशी, कुणी तरी कागदावर बोट ठेवून "इथे कर" म्हणतं तेव्हा.

ताई या कामात ओढल्या गेल्या त्या मथुरा नावाच्या मुलीच्या खटल्यामुळे. १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात त्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच बलात्कार झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिची संमती असणार. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यावरून १९८० च्या ८ मार्चला देशभर बायका रस्त्यावर आल्या. ताई ठाण्याहून चार मैत्रिणींना घेऊन मुंबईच्या मोर्चाला गेल्या. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, त्याच वर्षी सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८ अ आलं. मोर्चाचं वर्णन ताई फारसं करत नसत. त्यांना नवल वाटायचं ते पत्राचं. चार माणसांनी कागदावर नीट लिहिलं आणि एवढं हललं! त्यानंतर त्या कामावरून सुटल्या की चाळीच्या ओट्यावर बसून बायकांचे अर्ज लिहून देऊ लागल्या. तिथेच मी त्यांना भेटले, माझाच अर्ज घेऊन. तेही वेगळं प्रकरण.

दुसरं नाव त्या घ्यायच्या ते वारल्यांसोबत लढलेल्या गोदावरी परुळेकरांचं. तलासरी, डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचा आणि त्यापायी जन्मभर त्याच्याकडे राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. तो गडी, आणि ज्या बायकोसाठी कर्ज काढलं तीही आपोआप गडी. तिला कुणी विचारलंही नव्हतं. १९४५ मध्ये झरीच्या सभेनंतर वारल्यांनी वेठबिगार नाकारली, त्याचा इतिहास तू वाचला असशील. नसशील तर वाच, परीक्षेसाठी वाचतात तसा नव्हे.

आता कामाचं.

पोलीस ठाण्यातून बाई हसतमुखाने बाहेर येते, हातात कागद असतो, म्हणते "तक्रार घेतली." तो कागद आधी उघडून बघ. दहापैकी सात वेळा ती एनसी असते, अदखलपात्र. म्हणजे वहीत नोंद झाली. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. एनसी निरुपयोगी असते असं नाही, पुढे कोर्टात तारखेनिशी पुरावा म्हणून उभी राहते. पण बाईला वाटत असतं गुन्हा दाखल झाला, आणि ती वाट बघत बसते. नवऱ्याकडून होणारी क्रूरता म्हणजे आधीचं ४९८ अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. तो दखलपात्र गुन्हा आहे. एफआयआर झाली तर तिची प्रत फुकट मिळते, आणि हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवता येत नाही. मुंब्र्यातली घटना कोपरीत सांगितली तरी लिहून घ्यावी लागते. हे शांतपणे सांग. तू परवा ज्या आवाजात सांगितलंस त्या आवाजात सांगितलंस तर समोरचा हवालदारसुद्धा हट्टाला पेटतो.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी जो घरगुती घटना अहवाल भरतो, त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे रकाने आहेत. तिथे "शारीरिक व मानसिक छळ केला" एवढंच लिहिलेले ढीगभर अहवाल मी पाहिलेत. त्या शब्दांनी कुठलीच बाई दिसत नाही. लोकमान्यनगरच्या एका बाईने मला सांगितलं होतं, नवरा कामावर जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून पिशवीत घालून न्यायचा. दिवसभर घरात चूल नाही, पोरं शेजारी जेवायची. ते आम्ही जसंच्या तसं आर्थिक हिंसेच्या रकान्यात लिहिलं. कोर्टाने वाचलं, समोरच्या वकिलाला त्यावर काही बोलता आलं नाही. "रेग्युलेटर" हा शब्द कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

याच्या उलट केलेलंही सांगते. माझ्या सुरुवातीच्या काळात कळव्याच्या एका बाईचा अर्ज मी लिहिला. भाषा माझी चांगली, शाळेत निबंधाला बक्षिसं मिळालेली. असा झकास अर्ज झाला की मीच दोनदा वाचून काढला. तिला मात्र वाचून दाखवला नाही. बस पकडायची होती. तिने माझ्यावर विश्वास टाकून सही केली. उलटतपासणीत वकिलाने विचारलं, "तुम्ही लिहिलंय, 'माझ्या अस्मितेवर आघात झाला'. अस्मिता म्हणजे काय, सांगता?" ती माझ्याकडे बघत राहिली. वकील म्हणाला, तिकडे नका बघू, साहेबांकडे बघा. अर्ज फेटाळला गेला. ती पुन्हा आपल्याकडे आली नाही. एकदा जांभळी नाक्याला भाजी घेताना दिसली, मी हाक मारली, तिने ऐकलं नसल्यासारखं केलं. ताई मला रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "साहेबांनी पेढा तरी खाल्ला होता. तू तर घाईतच सही घेतलीस." पंचवीस वर्षं झाली, अजून टोचतं.

तुला नवी मुंबईच्या गावांत काम करायचंय म्हणून एका कागदाबद्दल जरा जास्त सांगते. हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद.

१९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी लागली. आगरी-कोळी लोकांची भातशेती, मिठागरं गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक लढले, जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. हे घणसोलीतलं शेंबडं पोरही सांगतं. पण साडेबारा टक्क्यांचा कागद घरात आल्यावर बहिणींचं काय झालं, याची गाणी कुणी केली नाहीत.

बाप गेलेला, वारसांत भाऊ तीन, बहिणी चार. भूखंड नावावर करायचा, बिल्डर दारात बसलेला. मग भाऊबीजेला भाऊ येतो, या खेपेला साडी नेहमीपेक्षा भारी असते, आणि जेवणं झाल्यावर पिशवीतून कागद निघतो. "ताय, जरा निबंधकाकडे येऊन जा, वारसाची नोंद करायचीय." दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात फोटो निघतो, अंगठा लागतो, सही होते, दुपारी हॉटेलात थाळी. संध्याकाळी ती सासरी परत. दहा वर्षांनी त्या भूखंडावर सात मजले उभे राहतात आणि भावाच्या घरी सत्यनारायणाला गेल्यावर भावजय तिला बाहेरच्या खोलीत बसवते. अशी एक माझ्यासमोर बसून सांगत होती, "भावाचं तोंड बगून सई केली गो." रडत नव्हती. साडीचा काठ बोटाला गुंडाळत होती. तीच साडी होती की काय कोण जाणे.

कायदा तुला पाठ हवा. १९५६ पासून मुलगी बापाची पहिल्या वर्गाची वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा मात्र महाराष्ट्राने दिला तो २२ जून १९९४ पासून, आणि त्यातही तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळलं. नवी मुंबईतल्या किती तरी बहिणी त्या एका तारखेने बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेला बाप हयात असण्याचीही गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र उघडत नाही. आणि नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मोडणं फार अवघड. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, फसवणूक सिद्धही करावी लागते. म्हणून जे करायचं ते सहीच्या आधी.

आणि इथेच तुझी परीक्षा आहे. कोपरखैरण्याची एक मावशी सगळं समजून घेऊन, भूखंडाचा दर आकड्यात ऐकून, ताईंसमोर म्हणाली, "मी सोडते. मला म्हातारपणी चार दिवस जायला माहेर पाहिजे." मी उसळले. ताईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मावशीने सही केली, चहा घेतला आणि गेली. मी नंतर वाद घातला की हा काय सौदा झाला, माहेर विकत घ्यायचं? ताई म्हणाल्या, "किंमत तिला माहीत होती." मला ते पूर्ण पटलेलं नाही, खरं सांगते. पण तिचा हात धरून थांबवायला मी कोण, हेही कळतं.

घराबद्दल थोडक्यात. ठाण्यात फ्लॅट बहुधा सासऱ्याच्या नावावर, आणि "घर माझं आहे, चालती हो" हे वाक्य ठरलेलं. २००६ च्या एका निकालाने सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क नाही असं धरलं जायचं. १५ ऑक्टोबर २०२० ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते बदललं. ती जिथे संसार करत होती ते घर नातेवाइकाच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो. जुन्या निकालाची झेरॉक्स घेऊन फिरणारे वकील अजून भेटतात. नवा आपल्या पिशवीत असू दे.

ऑफिसांचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ऐरोली-महापे पट्ट्यात जिथे रसायनांचे कारखाने होते तिथे आता आयटी पार्क, पण समेटाचा कागद तोच. लैंगिक छळाच्या तक्रारीत समेट व्हायचा तर तो फक्त तिनेच मागितला असेल तर, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही. तक्रारीची मुदत तीन महिने. घरकाम करणारीसुद्धा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. टॉवरमधल्या मॅडमना हे सहसा आवडत नाही. आणि वकिलाची फी नाही म्हणून कुणी थांबली असेल तर तिला ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा. बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती ते विचारत नाहीत. हे मध्यमवर्गीय बायकांना माहीतच नसतं. नवऱ्याचा पगार लाखात आणि हिच्या पर्समध्ये रिक्षापुरते चाळीस रुपये.

आता परवाचं.

नवऱ्याच्या वकिलाने पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, आधीच टाइप करून आणली होती. मी म्हटलं, सहीआधी तिला वाचून दाखवायची. तो म्हणाला, तिला सगळं सांगितलंय. मी म्हटलं, तरी. कॉरिडॉरमध्ये त्या पाणपोईपाशी मी मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत होतं, "सदर अर्ज माहेरच्या लोकांच्या सांगण्यावरून केलेला असून त्यातील मजकूर खोटा आहे." ती दिवसभर मान खाली घालून होती. "खोटा" शब्दाला तिने मान वर केली. म्हणाली, "खोटं नाही लिहिलेलं मी."

नवरा म्हणाला, शब्दच आहे नुसता. सासूने डोळे वटारले. ती पुन्हा म्हणाली, "नाही. खोटं नाही." त्यावरून पंधरा मिनिटं बाचाबाची झाली. शेवटी ती ओळ गेली आणि दुसरी आली: तूर्त एकत्र राहण्याचं ठरल्याने अर्ज पुढे चालवायचा नाही, पुन्हा त्रास झाल्यास दाद मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे. तिने स्वतः बोट ठेवून वाचलं, सातवी शिकलेली आहे, आणि सही केली. तू तेव्हा नळावर तोंड धुवायला गेली होतीस.

ती जुनी ओळ राहिली असती तर पुढल्या खेपेला, मग ती आपल्याकडे येवो नाही तर आणखी कुठे, समोरच्याने तोच कागद तिच्या तोंडावर मारला असता.

तिची फाईल बंदच्या गठ्ठ्यात टाकू नकोस. पुरसिसची प्रत आणि घरगुती घटना अहवाल एकत्र लाव. मोठ्या मुलाच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स दुसऱ्याच कुणाच्या फाईलमध्ये गेली आहे, ती शोध. शेजारणीचा नंबर आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलाय, त्यावर आपण होऊन फोन करायचा नाही. तो नवऱ्याच्या हाती लागला तर तेवढंही दार जाईल. पुढच्या तारखेचा रकाना मोकळा ठेव.

गुरुवारी ये. दिघ्याच्या दोघी येणार आहेत, अर्ज तू लिही, मी नुसती बसेन.

तुझी,
ताई

ता. क. तुझा डबा माझ्या पिशवीत राहिला होता. भेंडी खाल्ली मी.